वसईच्या किल्ल्यातली विसावी बाई

सुहासिनीबाई कर्णिक १९४९ साली बोरिवलीला राहायला आल्या, तेव्हा स्टेशनाच्या पूर्वेला दिवेलागण झाली की कोल्हे येत आणि पाहुणे येत नसत. दादरच्या नणंदा म्हणायच्या, "वहिनी, तुमच्याकडे यायचं म्हणजे दशम्याच बांधून निघायला हवं गं बाई." सुहासिनीबाईंनी ते बोलणं मनाला लावून घेतलं नाही. दशम्या मात्र डोक्यात राहिल्या.

लग्नाआधी त्यांनी ठाण्याच्या एका शाळेत तिसरीचा वर्ग चार वर्षं सांभाळला होता. लग्नानंतर शाळा सुटली, पण आवाज सुटला नाही. त्यांनी दारात उभं राहून दूधवाल्याला हाक मारली की पलीकडच्या गल्लीतली तीन मुलं हातातलं टाकून सरळ उभी राहत. अंगाने बारीक, हातात बारा महिने छत्री, आणि डोळ्यांसमोर चार माणसं आली की ती मोजायची जुनी सवय. लग्नाच्या पंगतीत बसल्या तरी समोरची रांग मनातल्या मनात मोजून होई, मगच वरणभाताला हात.

त्यांचे यजमान विद्याधरपंत फोर्टातल्या एका विमा कंपनीत हेडक्लार्क होते. सहा दिवस ऑफिस आणि सातव्या दिवशी आरामखुर्ची, असा त्यांचा आठवडा. अशाच एका रविवारी ते वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडले असताना सुहासिनीबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही गेली बारा वर्षं रोज फोर्टात जाता. मी जन्मात एक किल्ला पाहिलेला नाही."

"फोर्टात आता किल्ला नाही," वर्तमानपत्राखालून उत्तर आलं. "तो कधीच पाडला. नुसती ऑफिसं आहेत."

"मग जो पाडलेला नाही तिथे मी जाईन."

"कोणाबरोबर?"

"ते मी बघते."

आणि त्यांनी बघितलं. पुढच्याच रविवारी आळीतल्या सहा बायका सकाळी सातला घरातून निघाल्या आणि चालत मंडपेश्वराच्या लेण्यांना जाऊन आल्या. खाली दगडात कोरलेला महादेव आणि वर टेकडीवर पोर्तुगीजांच्या इमारतीच्या पडक्या भिंती. सहाजणींनी खाली नमस्कार केला, वर बसून थालीपिठं खाल्ली आणि दुपारी परत आल्या. एवढंच झालं होतं, पण ती गोष्ट पुढे पंधरा दिवस नळावर पुरली. दुसऱ्या खेपेला अकराजणी घोडबंदरला गेल्या. मग आणखी कुठेकुठे. मंडळाला नाव नव्हतं, पाटी नव्हती, अध्यक्ष नव्हती. लोक नुसतं "कर्णिकबाईंची पलटण" म्हणायचे. नियम मात्र तीन होते आणि ते सुहासिनीबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते: पोरं आणायची नाहीत, नवरे आणायचे नाहीत, आणि सहलीत घरी काय चाललं असेल हे बोलायचं नाही. तिसरा नियम पाळणं सगळ्यात जड जाई.

घरी काय चाललेलं असे ते पुरुषांनाच ठाऊक. विद्याधरपंत भात लावायला शिकले. पहिल्या सहलीच्या दिवशी त्या भाताची पेज झाली आणि दुसऱ्या सहलीला वीट. तिसऱ्या सहलीपासून तो भात झाला, तेव्हा शेजारचे दोन नवरे आपापलं ताट घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले.

आता जी गोष्ट सांगायची ती १९५४ च्या फेब्रुवारीतली. त्या रविवारी वसईचा किल्ला ठरला होता. आगगाडीने जायचं, खाडीवरचा पूल ओलांडायचा, म्हणजे तसा परमुलूखच. त्यामुळे जी ती आपल्या पाहुण्यांनाही घेऊन आली. शेवंतीचा नवरा आधी परळला गिरणीत होता, आता आरे कॉलनीत दुधाच्या कामावर होता. तिने मालवणहून आलेल्या दोन नणंदा आणल्या. नव्याने लग्न होऊन आलेली अनुपमा, जिला बोलण्यापेक्षा हसणं जास्त जमायचं, तिने मुलुंडची मामेबहीण आणली. आणखी कोणाची मावशी, कोणाची जाऊ. बोरिवलीच्या फलाटावर सुहासिनीबाईंनी छत्रीच्या टोकाने मोजणी केली: स्वतःला धरून एकोणीस. त्यातले आठ चेहरे अगदी नवे.

"नावं पाठ करत बसत नाही," त्या म्हणाल्या. "मी आकडा पाठ करते. एकोणीस जणी न्यायच्या आणि एकोणीस जणी आणायच्या."

वसई स्टेशनाबाहेर एस.टी.ची गाडी उभी होती. पलटण तीत चढली आणि गाडी अर्धी त्यांचीच झाली. गाडीला उतारूंपेक्षा पाण्याचीच तहान जास्त; वसई गावात बाजाराच्या थांब्यावर इंजिनाने वाफ सोडली आणि ड्रायव्हर डबा घेऊन विहिरीकडे गेला. समोरच एका दुकानात केळीच्या सोपात बांधलेली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली गोड केळी, दिसली. वसईला येऊन सुकेळी घ्यायची नाहीत म्हणजे काय! सगळ्या बायका भराभरा खाली. कोणी वास घेऊन बघतंय, कोणी दाबून बघतंय, शेवंती दुकानदाराशी भांडतेय. तेवढ्यात ड्रायव्हरने भोंगा वाजवला.

सुहासिनीबाईंनी तिसरीचा आवाज काढला. "चला! चला! सुकेळी पळून जात नाहीत, गाडी जाते!" छत्री आडवी धरून त्यांनी एकेकीला दाराकडे हाकललं. शेवटी एकजण तशीच थांब्याच्या खांबापाशी उभी राहिलेली दिसली. पंचविशी-सव्विशीची, हिरवट पातळ नेसलेली, हातात सुतळी बांधलेली बाटली. गाडीकडे टक लावून बघत होती.

"आता तुम्हाला काय अक्षता देऊन बोलवायचं?" सुहासिनीबाईंनी तिच्या पाठीला हात लावला. "चढा, चढा वरती!"

ती बाई चढली. मोजायच्या आत गाडी सुटली.

किल्ल्याच्या दरवाजात सगळ्याजणी उतरल्या तेव्हा नऊ वाजून गेले होते. आत बघावं तिकडे झाडं माजलेली, मधून पायवाटा, आणि त्या झाडांतून अचानक एखादी तीन मजली भिंत उभी, छप्पर नाही, खिडक्यांतून आभाळ दिसतंय. मालवणच्या नणंदांपैकी एक म्हणाली, "आमचो सिंधुदुर्ग ह्याच्यापेक्षा बरो." दुसरी म्हणाली, "तू बघलंस खंय तो? काठावरून!"

सुहासिनीबाईंनी एका पडक्या पायरीवर उभं राहून इतिहास सांगितला. चिमाजीअप्पांनी घातलेला वेढा, सुरुंग, तटाला पडलेली खिंडारं, सतराशे एकोणचाळीसचा मे महिना. त्या वाचून आल्या होत्या आणि सांगत छान होत्या. पण बायकांचं लक्ष अर्धं इतिहासात आणि अर्धं मुंग्यांत. हिरव्या पातळाची बाई तेवढी अगदी पुढे, तोंड किंचित उघडं टाकून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "मग आत राहणाऱ्या बायकांचं काय झालं?"

सुहासिनीबाई अडखळल्या. पुस्तकात ते नव्हतं. "गेल्या असतील," त्या म्हणाल्या. "तहात ठरलं होतं, त्यांना जाऊ द्यायचं."

"सामान घेऊन?"

"जेवढं उचलेल तेवढं घेऊन."

"बरं झालं," ती म्हणाली आणि जरा मोकळी झाली, जणू काल संध्याकाळचीच गोष्ट.

सुहासिनीबाईंना ती बाई फार आवडली. ही कोणाबरोबर आली ते विचारायला हवं, असं त्यांच्या मनात आलं आणि राहून गेलं, कारण तेवढ्यात अनुपमाच्या चपलेचा अंगठा तुटला.

उन्हं चढल्यावर एका मोठ्या चिंचेखाली जेवण मांडलं. दशम्या, मटकीची उसळ, बटाट्याची कोरडी भाजी, तिळाची चटणी, गुळाच्या पोळ्या. शेवंतीने भाकऱ्या आणि एका डबीत सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, आणले होते आणि ती डबी न खाणाऱ्यांच्या पाठीमागून फिरत होती. सुहासिनीबाईंनी पत्रावळी वीस आणल्या होत्या, एखादी फाटली तर असावी म्हणून. सगळ्यांना वाढून झाल्यावर त्या स्वतः बसल्या, पत्रावळ पुढ्यात घेतली, आणि पिशवीत हात घातला. पिशवी रिकामी.

"पत्रावळ कोणाची फाटली का गं?"

कोणाचीच फाटली नव्हती.

सुहासिनीबाईंनी मोजलं. वीस. डावीकडून मोजलं, उजवीकडून मोजलं. वीस.

"आपण वीस आहोत," त्या हळूच म्हणाल्या.

"आहोत तर आहोत," शेवंती सोडे चघळत म्हणाली. "कमी झाली तर घाबरायचा. वाढली तर कशाक?"

"अहो, तुम्ही स्वतःला दोनदा मोजलंत," अनुपमा म्हणाली. मग प्रत्येकीने मोजून बघितलं. कोणाला एकोणीस मिळाल्या, कोणाला वीस, एका मावशींना बावीस. हसून हसून एकीला उचकी लागली. ती थांबावी म्हणून अनुपमाने जवळची सुतळीची बाटली उचलली. "पाणी आहे का हो ह्यात? की सरबत?" बूच काढून तिने नाकाशी नेलं आणि किंचाळलीच. "शी! रॉकेल!"

"रिकामी आहे," हिरव्या पातळाची बाई शरमून म्हणाली आणि बाटली पदराआड घेतली.

सगळ्या आणखी हसल्या. सुहासिनीबाई हसल्या नाहीत. सहलीला कोणी लोणचं आणतं, कोणी अडकित्ता आणतं, पण रॉकेलची रिकामी बाटली? त्यांनी अनुपमाला बाजूला घेतलं. "ती तुमच्या मामेबहिणीबरोबर आलीय ना?"

"हो, असणार. मघाशी मुलुंडबद्दल बोलत होत्या दोघी."

मामेबहिणीला विचारलं तर ती म्हणाली, "माझ्याबरोबर? छे! मला वाटलं शेवंतीबाईंची." शेवंतीला विचारलं. "माका वाटलां ही अनुपमाची कोणतरी सोयरी. भाकरी मात्र माझी खाल्लान दोन."

आता तिलाच विचारायचं ठरवेपर्यंत जेवणं आटोपून फुगड्या सुरू झाल्या. ती बाई फुगडीला अशी उभी राहिली की मालवणच्या दोन्ही नणंदा एकीमागून एक दमून बसल्या आणि हिचा श्वास लागला नाही. मग सगळ्या एका पडक्या चर्चकडे गेल्या. त्याच्या मनोऱ्यात आतून फिरता जिना होता, अंधारा, एका वेळी एकच माणूस मावेल एवढा. जिन्यात वटवाघळांचा वास येत होता. निम्म्या बायका खालीच थांबल्या. ती मात्र कोणी सांगण्याआधी आत शिरली, आणि सुहासिनीबाई छत्री मिटून तिच्या मागे.

वर वारा इतका की पदर हातात धरावा लागत होता. एका बाजूला खाडी, तिच्यावर शिडं, पलीकडे समुद्र. दुसऱ्या बाजूला ताडामाडांचं रान आणि त्यातून वर आलेली गावाची कौलं. ती बाई खाडीकडे बघत नव्हती. गावाकडे बघत होती, कपाळावर हात धरून.

"ते बघा," ती म्हणाली. "ते तीन ताड एका रांगेत आहेत ना, त्यांच्या मागची कौलं. ते आमचं घर." आणि थोडं थांबून म्हणाली, "एवढंसंच आहे हो."

सुहासिनीबाईंनी छत्रीचं टोक त्या कौलांवर रोखलं. "तुमचं घर इथे?"

"हो. आठ वर्षं झाली. माहेर मुलुंडचं. मी मालन. मालन राऊत."

"मग आमच्याबरोबर कशा आलात?"

मालनने त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. "तुम्हीच म्हणालात ना, चढा म्हणून."

सुहासिनीबाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

मालन सांगत गेली, काही चोरून केलं नसल्यासारखी. सासूबाईंनी तिला रॉकेल आणायला पाठवलं होतं. दुकान अजून उघडायचं होतं म्हणून ती थांब्यापाशी उभी राहिली. एवढ्या बायका एकदम हसत खिदळत उतरलेल्या तिने कधी पाहिल्या नव्हत्या, लग्नाच्या वऱ्हाडातसुद्धा नाही, कारण तिथे कोणीतरी रुसलेलं असतंच. "आठ वर्षांत किल्ल्याकडे कधी आले नाही. आतल्या देवीच्या दर्शनाला तेवढी एकदा, तेही बैलगाडीतून, खाली मान घालून. ह्यांना म्हटलं तर म्हणतात, त्यात काय बघायचं, पडलेलाच आहे. आणि तुम्ही पाठीवर हात ठेवलात. पाय आपोआपच वर गेले. गाडी सुटल्यावर वाटलं सांगावं. मग वाटलं, किल्ल्यापर्यंत जाऊन सांगावं. मग तुम्ही इतिहास सांगायला लागलात."

"अगं पण घरी!" 'तुम्ही' म्हणता म्हणता सुहासिनीबाई 'अगं'वर आल्या. "घरी काय म्हणत असतील?"

मालनने परत त्या कौलांकडे पाहिलं. "सहलीत घरचं बोलायचं नाही ना," ती म्हणाली. "मघाशी त्या मावशी सांगत होत्या." आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हसूही, एकाच वेळी.

खाली आल्यावर बायकांची सभा भरली. कोणी म्हणालं, गावाच्या वेशीवर सोडू आणि सरळ स्टेशन गाठू. कोणी म्हणालं, बाजारात चक्कर आली असं सांगू दे तिला. एका मावशींनी तर अंगात आलं असं सांगायचं सुचवलं. मालन म्हणाली, "तुम्ही जा. गाडी चुकेल. मी बघते माझं मी."

"काही नाही," सुहासिनीबाई म्हणाल्या. "चढवली मी, उतरवीनही मीच. आणि खोटं बोलायचं नाही. तिसरीच्या पोरांना जे सांगत आले ते आता मोडत नाही."

"आमी पण येतंव," शेवंती म्हणाली. "एकटीक तुमका मारतील ते."

अशा वीसजणी तीन वाजता भर उन्हातून वसई गावाकडे चालत निघाल्या.

तीन ताडांच्या मागचं राऊतांचं घर शोधावं लागलं नाही. अंगणात दहाबारा माणसं जमली होती. विहिरीच्या काठावर एकजण पालथा पडून आत गळ सोडत होता आणि दुसरा त्याचे पाय धरून बसला होता. ओट्यावर एक म्हातारी बाई, पांढरंशुभ्र लुगडं, कपाळ मोकळं, पाठ ताठ, हातात सूप. पण सुपात काहीच नव्हतं, नुसतंच हलत होतं. हातातलं काम थांबवणं तिला माहीतच नसावं.

मालनला बघितल्यावर विहिरीवरच्या माणसाच्या हातून दोर सुटला आणि गळ विहिरीत गेला. म्हातारीने सून पाहिली, मग तिच्या मागच्या एकोणीसजणी पाहिल्या, आणि सूप खाली ठेवलं.

सुहासिनीबाई पुढे झाल्या. तिसरीचा आवाज कुठे गेला कोण जाणे, निघाला तो परीक्षेला बसलेल्या पोरीचा. "मी सुहासिनी कर्णिक. बोरिवलीची. ह्यात तुमच्या सुनेचा काही दोष नाही. माझ्या बायकांतली समजून मीच तिला गाडीत घातली."

"म्हणजे तुम्ही पळवलीत," म्हातारी म्हणाली.

"हो."

"कुठे?"

"किल्ल्यात."

"दिवसभर किल्ल्यात? काय आहे किल्ल्यात?"

हा प्रश्न खरं तर उत्तरासाठी नव्हता, पण एकोणीसजणींना ते कळलं नाही. एकदम सगळ्या बोलायला लागल्या. खिळ्यांचा दरवाजा, फिरता जिना, वटवाघळं, समुद्र, चिंच. मालवणच्या नणंदा म्हणाल्या, फुगडीत तुमच्या सुनेसारखी सून नाय. अनुपमा हसायला लागली आणि तिला थांबवता येईना. गळवाला माणूस विहीर विसरून ऐकायला आला.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग मालनला म्हणाली, "रॉकेल?"

मालनने हात पाहिले. दोन्ही रिकामे. बाटली चिंचेखाली राहिली होती.

तेवढ्यात सायकलवरून जयवंत राऊत आला. तो गावातल्या एका वकिलाचा कारकून होता. बायको हरवली म्हणून स्टेशन, बंदर, दवाखाना असं सगळं धुंडाळून आला होता, धोतराला साखळीचं तेल लागलेलं. मालन दिसताच त्याने सायकल तशीच सोडली. ती अंगणात आडवी झाली. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, ओरडायला तोंड उघडलं, आणि म्हणाला, "उन्हाने किती काळवंडलीस."

तेवढंच. पण ते ऐकून सुहासिनीबाईंनी छत्री खाली टेकवली.

म्हातारी मात्र इतक्यात विरघळणारी नव्हती. "एवढ्याजणींना चहा द्यायला आमच्याकडे दूध नाही," ती म्हणाली. "ताक आहे. बसा." बसा म्हणताना तिचा आवाज असा होता की बोरिवलीच्या एकोणीसजणी एका झटक्यात खाली बसल्या. ताक आलं. आंबट होतं. सगळ्याजणी प्यायल्या आणि कोणी तोंड वाकडं केलं नाही.

ताकापायी गाडी चुकली ती चुकलीच. पुढची गाडी मिळून बोरिवलीला उतरेपर्यंत साडेसात झाले. फलाटावर नऊ नवरे उभे होते, पुढे विद्याधरपंत. बायकांचे चेहरे बघून त्यांनी आधी मोजणी केली, मग विचारलं, "काय झालं?"

"एक बाई पळवली होती," सुहासिनीबाई म्हणाल्या. "ती परत देऊन आलो."

नवऱ्यांची सभा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कर्णिकांच्या ओट्यावर भरली. ठराव असा आला की ह्यापुढे पलटणीबरोबर एक जबाबदार पुरुष असावा. जबाबदार कोण, ह्यावर तासभर चर्चा झाली. रविवारी पहाटे साडेपाचला उठायचं आहे हे कळल्यावर मात्र एकेकाला महत्त्वाची कामं आठवू लागली आणि ठराव तसाच राहिला. रात्री पानावर बसल्यावर विद्याधरपंत म्हणाले, "तू खरं सांगितलंस ते बरं केलंस. मी असतो तर चक्कर आली म्हणालो असतो."

बाराव्या दिवशी पोस्टमनने एक पाकीट आणलं. आत फुलस्केपचा अख्खा कागद, अक्षर मोत्यासारखं, भाषा वकिलाच्या कचेरीतली. सुहासिनीबाईंना पहिल्या दोन ओळी वाचून धडकीच भरली.

"श्रीमती सुहासिनीबाई कर्णिक, मु. बोरिवली, यांस. आमच्या मातोश्रींच्या सांगण्यावरून आपणांस कळविण्यात येते की, आपण रविवारी सकाळी बाजाराच्या थांब्यावरून आमच्या मातोश्रींची सून, कोणतीही पूर्वसूचना न देता, एस.टी.त घालून नेली. सदर सून परत मिळाली, तक्रार नाही. तथापि त्या दिवसापासून सदर सून उठता-बसता किल्ल्याविषयी बोलत असून, मातोश्रींस या गावी चाळीस वर्षे झाली असता त्यांना त्यावर काहीच बोलता येत नाही, यामुळे मातोश्रींस अत्यंत मनस्ताप होत आहे. सबब, आपण मातोश्रींस कोठेतरी न्यावे. वसईचा किल्ला चालणार नाही, कारण तो सून आधीच पाहून बसली आहे. सुनेने न पाहिलेले असे काहीतरी असावे. सून सोबत येईल, परंतु पुढे चालणार नाही. कळावे. आपला, जयवंत राऊत." आणि खाली, दुसऱ्या बारीक अक्षरात: "मी पुढे चालेन. मालन."

सुहासिनीबाईंनी ते पत्र आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग शेवंतीकडे जाऊन मोठ्याने वाचलं.

शिमग्यानंतरच्या रविवारी राऊतांची म्हातारी आणि मालन बोरिवलीला उतरल्या. ह्या खेपेला कान्हेरीची लेणी ठरली होती. म्हातारीसाठी बैलगाडी सांगून ठेवली होती. तिने तीत डबे ठेवले आणि स्वतः चालली. पळस फुलला होता. वाटेत म्हातारी प्रत्येक वळणावर मालनला विचारायची, "हे पाहिलंयस?" आणि मालन नाही म्हणाली की तिची चाल किंचित वाढे.

डोंगरावर पायऱ्या चढून गेल्यावर सुहासिनीबाईंनी सांगितलं की इथे हजार-दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षू राहायचे, घरदार सोडून आलेले. ही त्यांच्या पाण्याची टाकी, ह्या खोल्या, आणि हे निजायचे दगडी कट्टे.

"स्वैपाक कोण करायचं?" म्हातारीने विचारलं.

"ते गावात जाऊन भिक्षा मागून आणायचे."

"रोज?"

"रोज."

म्हातारी एका खोलीत वाकून शिरली. आत गारवा होता. भिंतीला लागून दगडात कोरलेला एक कट्टा होता, गुळगुळीत. तिने त्यावर हात फिरवला, धूळ झटकली, पदराची घडी उशाला घेतली आणि आडवी झाली. "जरा बघते कसं लागतं," ती म्हणाली.

आणि झोपली. बघता बघता घोरू लागली.

मालन दारात उभी राहून बघत राहिली. "पहाटे चारला उठतात," ती हळूच म्हणाली. "दुपारी त्यांना आडवं झालेलं मी एकदाही पाहिलं नाही."

जेवायची वेळ झाली. पत्रावळी मांडून झाल्या. शेवंती म्हणाली, "उठवू काय?" सुहासिनीबाईंनी छत्री आडवी धरली. मग सगळ्याजणी लेण्याबाहेर सावलीला बसल्या, आवाज खाली घेऊन, भाकऱ्यांवर फडकं टाकून, आणि अनुपमाने हसू येऊ नये म्हणून तोंडात पदर धरला. दोन वाजून गेले तरी कोणी डब्याला हात लावला नाही.